उसन्या अक्षरांचं भौतिकशास्त्र

आर्किमिडीजसमोर 'पाय' हे अक्षर ठेवलं असतं, तर त्याने ते 'ऐंशी' असं वाचलं असतं. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचं गुणोत्तर त्याने इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात सिरॅक्यूजमध्ये काढलं. वर्तुळाच्या आत आणि बाहेर 96 बाजूंच्या बहुभुजाकृती कल्पून ते 3 पूर्णांक 10/71 आणि 3 पूर्णांक 1/7 यांच्या दरम्यान असलं पाहिजे, हे त्याने सिद्ध केलं. पण त्या गुणोत्तराला त्याच्याकडे चिन्ह नव्हतं. सगळं विधान शब्दांत.

कारण ग्रीकांची अक्षरं हेच त्यांचे आकडे होते. अल्फा म्हणजे 1, बीटा म्हणजे 2, आयोटा म्हणजे 10, ऱ्हो म्हणजे 100. नऊ एकं, नऊ दशकं आणि नऊ शतकं मिळून 27 चिन्हं लागतात आणि वर्णमालेत अक्षरं 24. म्हणून एरवी वापरातून गेलेली तीन जुनी अक्षरं त्यांनी 6, 90 आणि 900 साठी सांभाळून ठेवली. ज्या अक्षराची किंमत आधीच ठरलेली आहे, त्याच्याकडे बोट दाखवून 'समजा, ही एक अज्ञात राशी' असं म्हणणं अवघड असतं. युक्लिडने आकृतीतल्या बिंदूंना अल्फा, बीटा, गॅमा म्हटलं, पण ती बिंदूंची नावं होती, त्यांचा गुणाकार-भागाकार करायचा नव्हता. पुढे डायोफँटसने अज्ञातासाठी एक खूण वापरली, तीही एकच.

तेव्हा भौतिकशास्त्राच्या सूत्रांतली ग्रीक अक्षरं ग्रीकांनी तिथे ठेवलेली नाहीत. ती ठेवली पश्चिम युरोपातल्या लोकांनी, आणि बहुतेक सतराव्या शतकानंतर. रोमन अक्षरं पुरेनात म्हणून त्यांनी ती उसनी घेतली. शेजारून उसनं आणलेलं भांडं घरात राहता राहता त्याचा असा काही उपयोग निघतो की मग ते परत करायचं कुणाच्या मनात येत नाही. या अक्षरांचं तसंच झालं. या पुस्तिकेत एकेका अक्षराची हकिगत आहे. प्रस्तावनेत मी फक्त दोन प्रश्नांशी थांबणार आहे: टंचाई मुळात का झाली, आणि उसनी अक्षरं टिकली का.

टंचाईचं मूळ एका नियमात आहे. फ्रांस्वा व्हिएत या फ्रेंच वकिलाने 1591 साली ज्ञात राशींसाठी व्यंजनं आणि अज्ञातांसाठी स्वर वापरायची पद्धत मांडली. देकार्तने 1637 मध्ये ती बदलली: वर्णमालेच्या सुरुवातीची ए, बी, सी ही अक्षरं ज्ञातांसाठी, शेवटची एक्स, वाय, झेड अज्ञातांसाठी. आपण शाळेत आजही देकार्तचीच पद्धत शिकतो. या लेखनात दोन अक्षरं शेजारी शेजारी आली की त्यांचा गुणाकार झाला असं समजायचं. सोय मोठी आहे, पण तिची किंमतही आहे. एका राशीला एकच अक्षर द्यावं लागतं. 'वेग' असा दोन अक्षरांचा शब्द सूत्रात लिहिला, तर वाचणारा 'वे गुणिले ग' असं वाचेल. संगणकाच्या प्रोग्राममध्ये लांबलचक नावं चालतात, कारण तिथे गुणाकाराला वेगळी खूण लागते. कागदावरच्या बीजगणिताने ती खूण टाकून दिली आणि त्या दिवशीच अक्षरांची चणचण पत्करली.

दुसरी वाट होती, आणि ती आपल्याकडची आहे. भास्कराचार्यांच्या 1150 च्या सुमाराच्या 'बीजगणित' या ग्रंथात पहिल्या अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हटलं आहे आणि त्यापुढच्या अज्ञातांना रंगांची नावं दिली आहेत: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना त्यांची आद्याक्षरं घ्यायची: या, का, नी, पी, लो. नुसत्या संख्येला 'रू', वर्गाला 'व', दोन वेगळ्या अज्ञातांच्या गुणाकाराला 'भा', आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. रंगांची ही कल्पना त्याआधी ब्रह्मगुप्तांकडेही, म्हणजे सातव्या शतकात, सापडते. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन झाला होता. त्या मठातले विद्यार्थी 'या' आणि 'का' यांची समीकरणं सोडवत असणार, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. या पद्धतीत गुणाकारालाही अक्षर लागतं, त्यामुळे समीकरण लांबतं; मात्र 'या', 'नी' ही पुऱ्या नावांची आद्याक्षरं असल्यामुळे ती कशाची, हे कधी विसरायला होत नाही. भौतिकशास्त्राची आजची भाषा मात्र युरोपात घडली आणि तिथे देकार्तचा नियम चालला.

आता हिशेब करू. रोमन अक्षरं 26, लहान आणि मोठी धरून 52. त्यातली एक्स, वाय, झेड निर्देशकांना गेली. आय, जे, के, एन मोजणीला. डी कलनाला, एफ फलाला, ई नैसर्गिक लॉगॅरिदमच्या पायाला. टी म्हणजे काळ, एम म्हणजे वस्तुमान, व्ही म्हणजे वेग, ए म्हणजे त्वरण. अजून आपण फक्त रुळावरून घरंगळणाऱ्या चेंडूचं गणित करतो आहोत. उष्णता आली की तापमानाला मोठा टी हवा, पण तो आंदोलनाच्या आवर्तकालाने आणि दोरीतल्या ताणाने आधीच अडवलेला. मोठ्या ई वर ऊर्जाही हक्क सांगते आणि विद्युत क्षेत्रही. एकोणिसाव्या शतकात वीज, चुंबकत्व, उष्णता आणि प्रकाश हे विषय एकाच वेळी वाढले आणि एकमेकांत शिरले, तेव्हा 52 अक्षरांत भागणं शक्यच नव्हतं.

मग ग्रीकच का? याचं उत्तर थोडं शाळेत आहे आणि थोडं छापखान्यात. युरोपातला शिकलेला माणूस लॅटिनबरोबर ग्रीकही शिकलेला असे. अल्फा ते ओमेगा त्याला पाठ असत. आणि ग्रीक खिळे छापखान्यात तयार होते. व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतिउसने पंधराव्या शतकाच्या अखेरीस ॲरिस्टॉटल मूळ ग्रीकमध्ये छापला, बाझेलमध्ये 1533 साली युक्लिड छापला गेला. गणिताचं पुस्तक जुळवताना एखादा थिटा हवा असला, तर कंपोझिटर शेजारच्या खणात हात घालत असे. नवा खिळा पाडायला पैसे पडतात. चिन्हांच्या इतिहासात या पैशाचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. देवनागरी, अरबी किंवा चिनी अक्षरं सूत्रांत का नाहीत, असं विद्यार्थी अधूनमधून विचारतात. ती त्या छापखान्यांत नव्हती आणि त्या लेखकांना वाचता येत नव्हती, एवढंच त्याचं उत्तर आहे.

पाठ्य मजकुराशेजारी बसायला ग्रीक अक्षरं योग्य निघाली, हेही खरं. ती रोमनइतकीच उंच, तशाच वळणाची, तरीही वेगळी ओळखू येणारी. दुसरे प्रयोग झाले, त्यांचं काय झालं बघा. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1873 च्या आपल्या विद्युत-चुंबकत्वावरच्या ग्रंथात सदिशांसाठी जर्मन गॉथिक अक्षरं घेतली. ती इतकी नक्षीदार, की एकातून दुसरं ओळखणं मुश्कील. ऑलिव्हर हेविसाइड या फटकळ इंग्रज अभियंत्याने लिहून ठेवलं, की लोकांचं मन सदिश गणितावरून उडायला ही एकच निवड पुरेशी होती. त्याने स्वतः ठसठशीत जाड रोमन अक्षरं वापरली आणि तीच रूढ झाली. हॅमिल्टन, टेट आणि अमेरिकेतले गिब्ज सदिशांसाठी ग्रीक अक्षरं वापरत होते. तो वापर मात्र मागे पडला. हिब्रूतलं आलेफ कँटॉरने 1895 मध्ये अनंत संचांसाठी घेतलं आणि ते गणितात राहिलं.

ग्रीक अक्षरांचा साठाही दिसतो तेवढा मोठा नाही. मोठ्या 24 अक्षरांपैकी 14 रोमनसारखीच दिसतात. मोठा अल्फा म्हणजे दिसायला ए, मोठा बीटा म्हणजे बी, मोठा ऱ्हो म्हणजे चक्क पी. ती उसनी आणून उपयोग शून्य. लहान अक्षरांत ओमिक्रॉन तर ओ सारखंच, आणि ओ शून्यासारखा. डोनाल्ड क्नूथने गणित छापण्यासाठी टेक ही संगणकप्रणाली तयार केली, तेव्हा ओमिक्रॉनसाठी वेगळी आज्ञा ठेवलीच नाही. भौतिकशास्त्रातलं हे सर्वांत बेकार अक्षर 2021 च्या नोव्हेंबरात अचानक जगभरच्या बातम्यांत आलं. जागतिक आरोग्य संघटनेने त्या वर्षी मे महिन्यापासून कोरोनाच्या उपप्रकारांना ग्रीक अक्षरं द्यायला सुरुवात केली होती, म्हणजे कुठल्या देशाच्या नावाला डाग लागू नये. न्यू इंग्रजी 'नवीन'सारखा ऐकू येतो आणि क्साय हे रोमन लिपीत एका नेहमीच्या चिनी आडनावासारखं दिसतं, म्हणून ती दोन अक्षरं वगळली आणि पाळी ओमिक्रॉनवर आली. त्याच वर्षी मार्चमध्ये जागतिक हवामान संघटनेने वादळांना ग्रीक अक्षरं देणं बंद केलं. झीटा, ईटा आणि थिटा ही नावं ऐकताना एकमेकांत मिसळतात, हे त्यामागचं एक कारण होतं.

पाय हे अक्षर वर्तुळाला कुणी चिकटवलं, हे इथेच सांगून टाकतो, कारण त्या हकिगतीचं एक टोक आपल्याकडे येतं. वेल्समधल्या विल्यम जोन्सने 1706 मध्ये एका पाठ्यपुस्तकात परीघ आणि व्यासाच्या गुणोत्तरासाठी ते वापरलं. परिघाच्या ग्रीक शब्दाचं ते आद्याक्षर. जोन्स मोठा गणितज्ञ नव्हता; जहाजावर खलाशांना गणित शिकवून तो वर आला होता. चिन्ह चाललं ते ऑयलरने 1736 पासून उचललं म्हणून, आणि 1748 च्या त्याच्या ग्रंथानंतर तर ते कायमचंच झालं. नोटेशनमध्ये शोधणाऱ्यापेक्षा वापरणाऱ्याचं वजन जास्त, आणि ऑयलरइतकं लिहिणारा गणितज्ञ दुसरा झाला नाही. याच जोन्सचा मुलगा, तोही विल्यम जोन्सच, पुढे कलकत्त्यात न्यायाधीश झाला, 1784 मध्ये त्याने एशियाटिक सोसायटी स्थापन केली आणि 'शाकुंतल' इंग्रजीत नेलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचं मूळ एक असावं, असं त्याने 1786 मध्ये जाहीर व्याख्यानात सांगितलं. बापाने ग्रीक अक्षर गणिताला दिलं आणि मुलाने ग्रीक भाषेचं संस्कृतशी असलेलं नातं दाखवलं.

आता दुसरा प्रश्न. टंचाईपुरतीच ती अक्षरं असती, तर संगणकाच्या काळात त्यांची सुट्टी व्हायला हरकत नव्हती. तशी ती झाली नाही. रोमन आणि ग्रीक अशा दोन समांतर रांगा हाताशी आल्यावर एकाच अक्षराची दोन रूपं घेऊन एकाच कल्पनेच्या दोन छटा दाखवता येऊ लागल्या. याचं सर्वांत देखणं उदाहरण 'डी' या एका ध्वनीचं आहे.

लायबनिझने 1675 मध्ये अतिसूक्ष्म फरकासाठी लहान डी घेतला. फरक सूक्ष्म नसून मोजण्याजोगा असेल, तर मोठा डेल्टा, तो त्रिकोण. ऑयलरच्या 1755 च्या कलनाच्या ग्रंथात तो या अर्थाने येतो. राशी अनेक चलांवर अवलंबून असेल आणि त्यातला एकच बदलायचा असेल, तर वाकडा डी, ज्याला आपल्याकडचे विद्यार्थी 'डो' म्हणतात. तो लजांद्रने 1786 मध्ये वापरला आणि सोडून दिला; याकोबीने 1841 मध्ये पुन्हा आणला. आणि लहान डेल्टा. त्याची गोष्ट 1755 ची. तुरीनमधल्या 19 वर्षांच्या लग्रांजने ऑयलरला पत्र लिहून कळवलं, की एखाद्या बिंदूला हलवायचं नसून सगळा मार्गच किंचित हलवून पाहायचा असेल, तर त्यासाठी एक वेगळी पद्धत आपल्याला सुचली आहे. त्या बदलासाठी त्याने लहान डेल्टा घेतला. ऑयलर त्या वेळी युरोपातला सर्वांत नावाजलेला गणितज्ञ, आणि या प्रश्नावर त्याने स्वतः ग्रंथ लिहिलेला. तरी त्याने पोराची पद्धत सरस आहे हे मान्य केलं. भौतिकशास्त्रातलं किमान क्रियेचं तत्त्व आजही त्याच डेल्टाने लिहितात: क्रियेचा डेल्टा बरोबर शून्य.

चौघेही 'फरक'च सांगतात, पण प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. उष्मागतिकीच्या एखाद्या ओळीत हे चारही एकत्र येतात आणि सरावलेल्या वाचकाला प्रत्येक फरक कोणत्या जातीचा आहे हे न सांगता कळतं. चौघांना जे, पी, के आणि एम अशी असंबद्ध अक्षरं दिली असती, तर ते नातं दिसलं नसतं. बेरजेचंही असंच आहे. सुट्या पदांच्या बेरजेला ऑयलरने सिग्मा दिला, आणि सलग राशीच्या बेरजेला लायबनिझने लांब ओढलेला लॅटिन एस आधीच दिला होता. दोन्ही एकाच ध्वनीची रूपं. संकलनाचं चिन्ह आणि सिग्मा ही एकाच क्रियेची दोन अंगं आहेत, हे वर्गात सांगायला लागू नये. ते चिन्हांतच लिहिलेलं आहे. दुर्दैवाने ते बहुतेक वर्गांत सांगितलंही जात नाही.

दोन रांगांचा सर्वांत हुशार वापर मला आइन्स्टाइनच्या 1905 च्या सापेक्षतेच्या निबंधात दिसतो. स्थिर निरीक्षकाचे निर्देशक त्याने एक्स, वाय, झेड आणि टी असे लिहिले. चालत्या निरीक्षकाचे निर्देशक लिहिले क्साय, ईटा, झीटा आणि टाऊ. क्साय, ईटा, झीटा हा संच गणितज्ञांच्या वापरातला होताच. त्याने शेजारी टाऊ उभा केला. त्या एका अक्षरात त्या निबंधाचा गाभा आहे. स्थळाप्रमाणे काळालाही चालत्या निरीक्षकासाठी स्वतंत्र अक्षर लागतं, म्हणजे काळ दोघांचा एक नाही. न्यूटनच्या जगात टीला जोडीदाराची गरज नव्हती.

पण याच निबंधामुळे अक्षरांवर फार भक्ती ठेवणाऱ्याचा भ्रमनिरासही होईल. आज ज्या गुणकाला जगभर गॅमा म्हणतात, त्याला तिथे बीटा म्हटलं आहे. प्रकाशाचा वेग आज सी आहे, तिथे तो मोठा व्ही आहे. ऊर्जा आणि वस्तुमान यांचं प्रसिद्ध नातं त्याच वर्षीच्या पहिल्या निबंधात ज्या रूपात मांडलं, त्यात ना ई आहे ना सी. त्याच वर्षीच्या प्रकाशकणांवरच्या निबंधात पुन्हा एक बीटा येतो, त्याचा सापेक्षतेशी काडीचा संबंध नाही. प्लँकचा स्थिरांक एच न वापरता आइन्स्टाइनने तिथे वायूंचा स्थिरांक, ॲव्होगाड्रोची संख्या आणि हा बीटा यांच्यातून कणाची ऊर्जा लिहिली. म्हणजे एकाच माणसाने एकाच वर्षी एकाच अक्षराला दोन कामं दिली आणि आज दोन्ही कामं त्या अक्षराकडे नाहीत. विश्वरचनेचा स्थिरांक 1917 मध्ये त्याने लहान लॅम्डाने लिहिला. आज तो मोठा लॅम्डा आहे.

पुढे सापेक्षतेत अशी रूढी पडली, की चार मितींच्या निर्देशांकांना ग्रीक अक्षरं आणि केवळ अवकाशाच्या तीन मितींना रोमन. मग म्यू, न्यू दिसले की काळ धरायचा, आय, जे दिसले की सोडायचा. सोय उत्तम. पण लान्दाउ आणि लिफशिट्झ यांच्या गाजलेल्या रशियन पाठ्यपुस्तकात रूढी बरोबर उलटी आहे, आणि ते वाचून तयार झालेल्या पिढ्या तशाच लिहितात. गणितज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ गोलीय निर्देशकांत थिटा आणि फाय यांची अदलाबदल करतात, ते तर रोजचं दुखणं आहे.

ग्रीक अक्षरांचा आणखी एक वापर आहे, ज्यात ती राशी नसून क्रमांक असतात. योहान बायरने 1603 च्या आपल्या नकाशासंग्रहात प्रत्येक तारकासमूहातल्या ताऱ्यांना साधारण तेजस्वितेनुसार अल्फा, बीटा अशी अक्षरं दिली. व्याध हा त्याच्या समूहातला अल्फा. मृगातली काक्षी अल्फा आणि राजन्य बीटा, जरी राजन्य बहुतेक वेळा अधिक तेजस्वी दिसतो. 1899 मध्ये रदरफर्डने युरेनियममधून निघणारं प्रारण दोन प्रकारचं असल्याचं सांगितलं: एक लगेच शोषला जाणारा, दुसरा आरपार जाणारा. बोलायच्या सोयीसाठी पहिल्याला अल्फा आणि दुसऱ्याला बीटा म्हटलं. व्हिलारने 1900 मध्ये पॅरिसमध्ये त्याहून भेदक किरण पाहिले, त्यांना रदरफर्डनेच 1903 मध्ये गॅमा म्हटलं. काही वर्षांत अल्फा म्हणजे हेलियमचं केंद्रक आणि बीटा म्हणजे इलेक्ट्रॉन हे कळलं. खरी नावं समजल्यावर तात्पुरती नावं जायला हवी होती. शंभर वर्षं उलटून गेली तरी ती आहेत. उलटंही घडतं. लोखंडाच्या स्फटिकरूपांच्या यादीत अल्फानंतर एकदम गॅमा येतो. बीटा लोह नावाचं रूप एके काळी मानलं जात होतं. ते वेगळं रूप नसून 770 अंश सेल्सियसला लोहाचं चुंबकत्व जातं, एवढाच तो फरक आहे, असं कळल्यावर बीटा यादीतून गेला आणि जागा रिकामी राहिली.

मूलकणांच्या बाबतीत तर अक्षरं मिळवणं ही शर्यतच झाली. ब्रिस्टलमध्ये 1947 ला पॉवेलच्या गटाने पाय आणि म्यू हे दोन कण वेगळे ओळखले. टाऊ आणि थिटा हे दोन कण 1956 मध्ये सगळ्यांना छळत होते. दोघांचं वस्तुमान आणि आयुष्य सारखं, पण ऱ्हास वेगळा. ली आणि यांग यांनी विचारलेल्या प्रश्नातून कळलं, की ते दोन नव्हेतच, कण एकच आहे आणि निसर्ग डावं-उजवं यांत भेद करतो. त्यामुळे टाऊ मोकळा झाला. 1975 मध्ये पर्लच्या गटाला इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन यांचा तिसरा, जड भाऊ सापडला, तेव्हा ग्रीकमधल्या 'तिसरा' या शब्दाचं आद्याक्षर म्हणून टाऊच त्याला दिला गेला. 1974 च्या नोव्हेंबरात एकच कण अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवर एकाच वेळी सापडला. एकांनी जे म्हटलं, दुसऱ्यांनी साय. कुणी मागे हटेना, म्हणून तो आजही जोडनावाने ओळखला जातो. आणि एका संशोधनपत्रिकेच्या 1 एप्रिल 1948 च्या अंकात गॅमोने आपल्या आणि आल्फरच्या निबंधावर बेथेचं नाव घालून अल्फा-बीटा-गॅमा जुळवून आणलं. भौतिकशास्त्रज्ञांचा विनोद साधारण याच उंचीचा असतो.

एवढी उसनवारी करूनही टंचाई संपली नाही. सिग्मा म्हणजे बेरीज, प्रमाण विचलन, विद्युतवाहकता, ताण, आघातछेद, स्टेफानचा स्थिरांक. म्यू म्हणजे घर्षणांक, दशलक्षांश, चुंबकीय पार्यता, म्यूऑन. श्यानतेला अभियंता म्यू म्हणतो आणि भौतिकशास्त्रज्ञ ईटा. वारंवारतेचा न्यू आणि वेगाचा व्ही हस्ताक्षरात एकसारखे होतात आणि परीक्षेत गुण जातात. तेव्हा 'सिग्मा म्हणजे काय' हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या समीकरणात, कुठल्या एककात, डावीकडे की उजवीकडे, हे सोबत विचारावं लागतं. माझ्या मते सूत्र पाठ असूनही गणित न सुटण्याचं अर्धं कारण इथे आहे.

मराठी माध्यमाबद्दल एक शब्द. वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावली आयोगाने भारतीय भाषांसाठी जी तत्त्वं ठरवली, त्यांत भूमितीच्या आकृत्यांना अ, ब, क चालतील, पण त्रिकोणमितीच्या सूत्रांत रोमन आणि ग्रीक अक्षरंच वापरावीत, असं म्हटलं आहे. मला हा निर्णय योग्य वाटतो. सूत्र हे जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत न बदलता वाचता आलं पाहिजे. पण मग ती लिपी शिकवण्याची जबाबदारीही येते, आणि ती आपण घेतलेली नाही. शाळेत त्रिकोणमितीबरोबर थिटा येतो, पुढे लॅम्डा येतो, मग एके दिवशी साय आणि क्साय. कुणीही मुलाला सांगत नाही, की ही एका वर्णमालेची अक्षरं आहेत, तिला क्रम आहे आणि ती 24 आहेत. मूल थिटाला मधे आडवी रेघ असलेला शून्य समजतं आणि झीटा, क्साय ही अक्षरं तर गुंतवळासारखी काढतं. उच्चारांची भीती मात्र सोडून द्यावी. आपला 'पाय' इंग्रजांकडून आलेला आहे. जर्मन आणि खुद्द आजचे ग्रीक त्याला 'पी' म्हणतात, आणि बीटाला ग्रीक लोक 'वीटा' म्हणतात.

शिक्षकांना म्हणून माझी विनंती आहे. अकरावीच्या सुरुवातीला एक तास काढा आणि फळ्यावर ही चोवीस अक्षरं, लहान आणि मोठी, नावासकट मुलांकडून लिहून घ्या. पुस्तिकेत प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर अक्षर मोठं छापलं आहे आणि खाली गिरवायला जागा ठेवली आहे ती त्यासाठीच. प्रकरणं एकमेकांवर अवलंबून नाहीत. अल्फापासून सुरुवात केलीच पाहिजे असं नाही. ज्या अक्षराने तुम्हाला सगळ्यात जास्त छळलं असेल, ते आधी उघडा.